संख्यांच्या रानातली इर्जिक

मंडळी, इर्जिक हा शब्द तुमच्यापैकी पुष्कळांना नव्याने समजावून सांगायला नको. एखाद्याचे रान नांगरायचे राहून जाते. घरात दुखणे निघालेले असते, नाहीतर ऐन वेळी बैल बसतो, आणि पाऊस तर तोंडावर आलेला असतो. मग तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून येतो, "उद्या माझ्याकडे इर्जिक आहे, या बरं का!" दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास दहा-वीस नांगर त्याच्या बांधावर उभे राहतात. मजुरी कोणी मागत नाही. ज्याची त्याची जोडी, ज्याचा त्याचा नांगर. घरधन्याने पोटभर जेवण घालायचे, एवढाच रिवाज. एका जोडीने जे काम पंधरा दिवसांत उरकले नसते, ते दिवस मावळायच्या आत होऊन जाते.

आज मी तुम्हांला अशाच एका इर्जिकीची हकिकत सांगणार आहे. पण हे रान मातीचे नाही, संख्यांचे आहे. ही इर्जिक १९९६ साली सुरू झाली आणि अजून चालू आहे. तिच्यात देशोदेशीचे लोक आपापले संगणक जुंपतात. त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. शोध चालला आहे तो मोठ्यात मोठ्या मूळ संख्येचा. १२ ऑक्टोबर २०२४ या दिवशी अशी एक संख्या पक्की झाली. ती ४,१०,२४,३२० अंकी आहे. सेकंदाला एक अंक या बेताने, न जेवता न झोपता, कोणी ती वाचायला बसला, तर त्याला सुमारे ४७५ दिवस लागतील!

हे ऐकून कोणी म्हणेल, "अहो, पण एवढा खटाटोप कशाला? त्या संख्येनं कुणाचं पोट भरणार आहे?" प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पण कामाचे मोल ठरवण्याआधी काम काय आहे ते पाहायला हवे. तेव्हा आधी काम पाहू.

समजा, तुम्ही बारा रोपे आणली आणि ती सारख्या ओळींत लावायची ठरवली. तीन ओळी करा, प्रत्येकीत चार रोपे. किंवा दोन ओळी करा, सहा-सहाच्या. दोन्ही बेत जमतात. आता तेरा रोपे आणून पाहा. दोन ओळी करा, तीन करा, चार करा. दर वेळी काही रोपे उरतात, नाहीतर कमी पडतात. तेरा रोपांची एकच लांबलचक ओळ होते, दुसरा उपाय नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. तिला एकाने आणि तिच्या स्वतःनेच पूर्ण भाग जातो. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या आहेत. बाकीच्या मोठ्या संख्या यांच्याच गुणाकारातून बनतात. बारा म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३. तीस म्हणजे २ गुणिले ३ गुणिले ५. भिंत कितीही मोठी असली तरी ती विटांचीच बनलेली असते, तसाच हा प्रकार आहे.

या विटा संपतात का? सव्वादोन हजार वर्षांपूर्वी युक्लिड नावाच्या ग्रीक पंडिताने सिद्ध केले की संपत नाहीत. त्याची युक्ती सोपी आहे. तुमच्याजवळ असतील तेवढ्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. आलेल्या संख्येला तुमच्या यादीतल्या कोणत्याही संख्येने भागले तरी एक उरतो. मग ती संख्या स्वतः मूळ असेल, नाहीतर तिला भागणारी मूळ संख्या तुमच्या यादीबाहेरची असेल. काही झाले तरी यादी अपुरीच ठरते. गुरुजी, पाचवी-सहावीच्या मुलांनाही हे फळ्यावर पटवून देता येते.

मूळ संख्या संपत नाहीत खऱ्या, पण पुढे पुढे त्या विरळ होत जातात. पहिल्या शंभरात त्या २५ आहेत. पहिल्या हजारात २५० असायला हव्या होत्या असे वाटेल, पण आहेत १६८. शिवाय संख्या मोठी झाली की ती मूळ आहे की नाही हे ओळखणे अवघड होऊन बसते. १०१ ही संख्या २, ३, ५ आणि ७ ने भागून पाहिली की काम भागते. पण शंभर अंकी संख्या या रीतीने तपासू म्हटले, तर साऱ्या जगातले संगणक जुंपले तरी काम पुरे होणार नाही.

म्हणून लोकांनी एक वेगळी वाट धरली. ती समजण्यासाठी जोंधळ्याचे दाणे घ्या. पहिल्या दिवशी एक दाणा बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी आठ. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. आता एकूण बेरीज पाहा. दोन दिवसांत ३ दाणे, तीन दिवसांत ७, पाच दिवसांत ३१, सात दिवसांत १२७. या चारही मूळ संख्या आहेत. गणिताच्या भाषेत सांगायचे तर दोन हा आकडा जितके दिवस तितक्या वेळा गुणायचा आणि त्यातून एक वजा करायचा. दोनाचा पाचवा घात ३२, त्यातून एक गेला, उरले ३१.

मग चार दिवसांत किती? १५. ही मूळ नाही. सहा दिवसांत ६३. हीही नाही. असे का व्हावे? सहा दिवसांचे तीन-तीन दिवसांचे दोन भाग करा. पहिल्या तीन दिवसांत १, २, ४ मिळून ७ दाणे. पुढच्या तीन दिवसांत ८, १६, ३२ मिळून ५६, म्हणजे सातच्या आठपट. दोन्ही भाग सातच्या पाढ्यातले, तेव्हा बेरीजही सातच्या पाढ्यातली. यावरून असे दिसते की दिवसांची संख्याच मूळ नसेल, तर दाण्यांची बेरीज मूळ असणे शक्य नाही. पण उलट बाजूने मात्र खात्री देता येत नाही. अकरा ही मूळ संख्या आहे, आणि अकरा दिवसांचे दाणे होतात २०४७. ही संख्या म्हणजे २३ गुणिले ८९. इथेच सगळी गोम आहे. दिवस मूळ असले तरी दाणे मूळ असतीलच असे नाही. प्रत्येक वेळी तपासूनच पाहावे लागते.

पॅरिसमध्ये मारँ मर्सेन नावाचा एक मठवासी साधू होऊन गेला. त्याचा जन्म १५८८ चा आणि मृत्यू १६४८ चा. त्या काळी विज्ञानाची मासिके निघत नसत. देकार्त, फेर्मा अशा मोठमोठ्या विद्वानांची पत्रे मर्सेनकडे येत आणि एकाचे म्हणणे तो दुसऱ्याला कळवी. १६४४ साली त्याने एका ग्रंथात यादीच छापली, की २५७ दिवसांपर्यंत कोणकोणत्या दिवसांचे दाणे मूळ संख्येइतके होतात. त्याच्यावरून अशा संख्यांना मर्सेन संख्या हे नाव पडले. यादीत पाच चुका होत्या. ६७ आणि २५७ हे त्यात असायला नको होते, ते होते. ६१, ८९ आणि १०७ हे असायला हवे होते, ते नव्हते. पण हे कळायला किती काळ गेला? ही यादी पूर्णपणे तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. म्हणजे तीनशे वर्षे! मर्सेन खोटे बोलणारा माणूस नव्हता. त्याचे म्हणणे पडताळून पाहण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते.

त्यातल्या ६७ ची हकिकत मोठी मजेची आहे. फ्रान्समधल्या एदुआर ल्युका या गणितज्ञाने १८७६ साली दाखवून दिले, की दोनाचा ६७ वा घात वजा एक ही संख्या मूळ नाही. पण तिचे भाग कोणते हे त्यालाही सांगता आले नव्हते. पुढे १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन गणित संस्थेची सभा भरली. फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक बोलायला उठले. ते सरळ फळ्याकडे गेले आणि दोनाचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. उत्तर आले एकवीस अंकी, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्यांचा गुणाकार मांडला. उत्तर तेच आले. कोल खडू ठेवून जागेवर जाऊन बसले. तोंडातून अक्षर काढले नाही. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, असे सांगतात. हे भाग शोधायला किती वेळ लागला असे पुढे कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले म्हणे, "तीन वर्षांचे रविवार."

आता ल्युकाची परीक्षा कशी होती ते पाहू. पुढे १९३० साली अमेरिकेतल्या लेहमर या गणितज्ञाने तिला नीटस रूप दिले, म्हणून तिला ल्युका-लेहमर परीक्षा म्हणतात. गुरुजी, खडू हाती घ्या. ३१ ची परीक्षा करायची आहे. सुरुवात चारापासून करा. चाराचा वर्ग १६, दोन वजा केले, राहिले १४. चौदाचा वर्ग १९६, दोन वजा केले, राहिले १९४. ही संख्या ३१ पेक्षा मोठी झाली, म्हणून तिला ३१ ने भागून फक्त बाकी ठेवा. बाकी ८. आठाचा वर्ग ६४, दोन वजा केले, राहिले ६२. ३१ ने भागा. बाकी शून्य. शून्य आले, म्हणजे ३१ मूळ! पावले किती टाकायची? दिवसांच्या संख्येपेक्षा दोन कमी. इथे पाच दिवस होते, म्हणून तीन पावले. हीच रीत २०४७ ला लावली तर नऊ पावलांनंतर बाकी १७३६ उरते. शून्य नाही, म्हणून ती मूळ नाही. या रीतीत भाग शोधत बसावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. ल्युकाने स्वतः हाताने हिशेब करून दोनाचा १२७ वा घात वजा एक ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली. ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणून पाऊणशे वर्षे टिकली.

येथे आपल्या देशाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात आणि निःसंशय ठरवणारी रीत मुळात आहे का, हा जुना प्रश्न होता. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक मणींद्र अगरवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी रीत आहे हे सिद्ध केले. जगभर त्याचे कौतुक झाले. मर्सेन संख्यांपुरती मात्र ल्युका-लेहमरची वाट जवळची पडते, म्हणून या शोधात तीच चालते.

हाताचे काम यंत्राकडे गेले ते १९५२ साली. त्या वर्षी ३० जानेवारीला लॉस एंजेलिसमधल्या एका सरकारी संगणकावर, राफेल रॉबिन्सन यांनी लिहून दिलेल्या आज्ञावलीने, एकाच दिवशी दोन नव्या मर्सेन मूळ संख्या सापडल्या. एक १५७ अंकी, दुसरी १८३ अंकी. त्यानंतर पुष्कळ वर्षे हा खेळ मोठ्या संस्थांचाच राहिला. ज्यांच्यापाशी खोलीभर मावणारे महागडे यंत्र, त्यांनाच तो परवडे.

मग १९९६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॉर्ज वोल्टमन या संगणक-जाणकाराने इर्जिकीचे आवतण दिले. घरोघरी संगणक आले होते. त्यांतला एकेक लहान खरा, पण दिवसाचा बराच वेळ तो रिकामाच असतो. माणूस पत्र लिहितो, चहा प्यायला उठतो, रात्री झोपतो. तेवढ्या वेळात हा रिकामा बैल नांगराला का जुंपू नये? वोल्टमनने एक आज्ञावली लिहिली आणि ती फुकट वाटली. या उपक्रमाचे नाव 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च'. आद्याक्षरे जोडून लोक त्याला 'गिम्प्स' म्हणतात. पहिल्या वर्षी कोणी कोणता पट्टा नांगरायचा हे पत्रव्यवहाराने ठरे. १९९७ साली स्कॉट कुरोव्स्की याने हे वाटप करणारा मध्यवर्ती संगणक उभा केला.

काम चालते ते असे. तुमचा संगणक मध्यवर्ती संगणकाकडे काम मागतो. तो एक घातांक देतो. घातांक म्हणजे आपल्या गोष्टीतले दिवस. आधी बारीक चाळणी लावून पाहतात, की लहानसहान संख्येने भाग जातो का. जात असेल तर ती संख्या तेथेच बाद. चाळणीत टिकली तर लांबलचक परीक्षा सुरू होते. घरगुती संगणकाला एका परीक्षेसाठी काही दिवस लागतात, कधी आठवडेही लागतात. तुम्ही संगणकावर दुसरे काही करू लागलात की ही आज्ञावली बाजूला सरकून वाट देते. वीज गेली तरी बिघडत नाही. थोड्या थोड्या वेळाने ती आपला हिशेब टिपून ठेवते आणि वीज आल्यावर तेथूनच पुढे चालू लागते. विजेचे बिल मात्र ज्याचे त्याने भरायचे.

हिशेब किती अवजड असतो याची कल्पना द्यायची तर २०२४ ची संख्याच घ्या. ती म्हणजे दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक. तिच्या ल्युका-लेहमर परीक्षेत तेरा कोटींहून अधिक पावले टाकावी लागतात, आणि प्रत्येक पावलाला चार कोटी अंकी संख्येचा वर्ग करायचा असतो. आपण शाळेत शिकवतो त्या रीतीने असा एक वर्ग करायला सोळाशे लाख कोटींहून जास्त छोटे छोटे गुणाकार पडतील. म्हणून गुणाकाराची एक फार जलद रीत वापरतात. वोल्टमनच्या आज्ञावलीची खरी करामत तीच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इतके दिवस संगणक राबतो आणि शेवटी उत्तर काय येते? जवळजवळ नेहमी एकच, 'मूळ नाही'. तेरा कोटी बासष्ट लाखांच्या आत मूळ घातांकच ७७ लाखांच्या आसपास आहेत. आजवर कळलेल्या मर्सेन मूळ संख्या सगळ्या मिळून ५२. त्यांतल्या अठरा या इर्जिकीने १९९६ पासून २०२४ पर्यंतच्या अठ्ठावीस वर्षांत शोधल्या. बाकी हजारो लोकांच्या पदरी वर्षानुवर्षे 'नाही' हेच उत्तर पडले. मग त्यांचे श्रम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. एका माणसाने एक पट्टा नांगरून 'इथे काही नाही' असे खरेपणाने सांगितले, की तो पट्टा दुसऱ्या कोणाला पुन्हा धुंडाळावा लागत नाही. रानाचा नकाशा तेवढा पुरा होतो. विहीर खणताना पाणी कुठे लागले नाही हे सांगणाऱ्याचाही गावाला उपयोग असतोच की!

पण अट एकच. 'नाही' खरे असले पाहिजे. संगणकही चुकतो. तो तापतो, त्याच्या स्मरणातला एखादा अंक बिघडतो आणि तेरा कोटी पावलांतले एक पाऊल चुकले की पुढचे सगळे चुकते. म्हणून या मंडळींनी सुरुवातीपासून नियम केला, की एकाचे काम दुसऱ्या अनोळखी माणसाच्या संगणकाने पुन्हा करायचे आणि दोघांच्या अखेरच्या बाकीची शेपटी ताडून पाहायची. जुळली तर पक्के, नाहीतर तिसऱ्याकडे द्यायचे. २०२० पासून आणखी चांगली सोय झाली. परीक्षा चालू असतानाच संगणक एक दाखला तयार करतो, आणि तो तपासायला मूळ कामाच्या शंभराव्या हिश्शाइतकेही श्रम पडत नाहीत. मर्सेनची यादी तीनशे वर्षे पडताळल्याविना राहिली होती हे आठवा, म्हणजे या सोयीचे महत्त्व ध्यानात येईल.

माणसाची नजर तरीही लागतेच. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात कर्टिस कूपर या प्राध्यापकांनी आपल्या विद्यापीठातले पुष्कळ संगणक या कामाला लावले होते. १७ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांतल्या एका संगणकाने २,२३,३८,६१८ अंकी मूळ संख्या शोधून मध्यवर्ती संगणकाला कळवली. पण सूचनेचे पत्र काही बिघाडाने गेलेच नाही. जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जवळजवळ चार महिने नोंदवहीत पडून राहिली आणि कोणाला पत्ता नाही! ७ जानेवारी २०१६ ला नेहमीची साफसफाई करताना ती कोणाच्या तरी नजरेस पडली. शोधाचा दिवस म्हणून तोच दिवस धरतात, कारण माणसाला कळले तो दिवस खरा.

या इर्जिकीत सापडलेल्या संख्यांचे धनी तरी कोण? १९९८ साली एक संख्या सापडली ती कॅलिफोर्नियातल्या रोलंड क्लार्कसन या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला. २०१७ च्या डिसेंबरात जी सापडली तिचा धनी जोनाथन पेस हा टेनेसी राज्यातला एक नोकरदार माणूस. तो चौदा वर्षांहून अधिक काळ शोधात होता. २०१८ पर्यंतच्या सतराही संख्या साध्या संगणकांनी शोधल्या.

अठरावी मात्र वेगळी निघाली. ल्यूक ड्युरंट हा कॅलिफोर्नियातला छत्तीस वर्षांचा अभियंता. संगणकावर चित्रे उमटवण्यासाठी ज्या जलद चिपा बनवतात, त्या त्याने हजारोंनी भाड्याने घेतल्या. सतरा देशांत विखुरलेली ही यंत्रे त्याने एका कामाला लावली. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातल्या यंत्राने सांगितले, की ही संख्या बहुधा मूळ आहे. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या यंत्राने ल्युका-लेहमर परीक्षा करून ते पक्के केले. मग इतरांनी निरनिराळ्या आज्ञावलींनी आणि निरनिराळ्या यंत्रांवर ते पुन्हा तपासले. बक्षिसाचे ३,००० डॉलर आपल्या जुन्या शाळेच्या गणित विभागाला देण्याचे ड्युरंटने जाहीर केले. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे!

तेव्हा प्रश्न उभा राहतो, की ट्रॅक्टर आला, आता जोडीवाल्याचे काय? हा प्रश्न आपल्याही गावांनी पाहिला आहे. खरे सांगायचे तर पहिला मान मिळण्याची साध्या संगणकाची आशा आता कमी झाली आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण काम संपलेले नाही. २०२४ च्या संख्येच्या खाली असलेले सगळे पट्टे अजून पक्के पडताळून झालेले नाहीत, आणि मधे एखादी मूळ संख्या नजरेतून निसटली नसेलच असे कोणी म्हणू शकत नाही. २००८ साली असेच झाले. मोठी संख्या आधी सापडली आणि तिच्याहून लहान एक दोन आठवड्यांनी. पुढच्या वर्षी मधली आणखी एक निघाली. ट्रॅक्टर वेगाने पुढे जातो, पण बांधाकडेचा कोपरा राहून गेला का, हे पाहायला मागून कोणीतरी लागतोच.

आता सुरुवातीचा प्रश्न. उपयोग काय? चार कोटी अंकी संख्येचा आज व्यवहारात थेट उपयोग काही नाही. बँकेचे व्यवहार आणि खाजगी निरोप कुलूपबंद करण्याची जी एक प्रसिद्ध रीत १९७७ साली निघाली, तिच्यात मूळ संख्या लागतात खऱ्या, पण त्या सुमारे तीनशे अंकी पुरतात. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आणि त्या गुणाकारातून त्या दोन परत शोधणे फार कठीण, यावर ते कुलूप उभे आहे. कोल यांचे तीन वर्षांचे रविवार आठवले, की हे चटकन पटेल. आडवाटेचे फायदे मात्र झाले. जलद गुणाकाराच्या रीती पक्क्या झाल्या. नवा संगणक सशक्त आहे की नाही हे अजमावायला लोक वोल्टमनचीच आज्ञावली चालवून पाहतात. जानेवारी २०१६ मध्ये एका नव्या जातीच्या चिपेतला दोष या आज्ञावलीमुळेच उघडकीस आला आणि इंटेल या कंपनीने तो मान्य करून दुरुस्तीचा उपाय दिला.

पण माझ्या मते याहून मोठी एक गोष्ट आहे. येथे हजारो अनोळखी माणसे एकत्र काम करतात आणि कोणाच्या शब्दावर विसंबण्याची पाळी येत नाही, कारण प्रत्येक उत्तर कोणालाही पडताळून पाहता येते. विद्यार्थ्याचे उत्तर आणि प्राध्यापकाचे उत्तर एकाच चाळणीतून जाते. मर्सेनसारख्या थोर माणसाच्या यादीतही पाच चुका निघाल्या, आणि त्या दाखवल्याने त्याचा अपमान झाला नाही. त्याचे नाव अजून त्या संख्यांना आहेच.

गुरुजी, उद्या वर्गात एवढे करून पाहा. मुलांच्या जोड्या लावा. एकेका जोडीला एकेक मर्सेन संख्या द्या, ३१, १२७, २०४७. पावले मोजून परीक्षा करायला सांगा. मग पाट्या बदलून एकाचे गणित दुसऱ्याला तपासायला द्या. ज्या मुलाचे उत्तर 'मूळ नाही' असे येईल आणि दुसऱ्याशी जुळेल, त्यालाही इतरांइतकीच शाबासकी द्या. १२७ ला पाच पावले लागतात आणि शेवटी शून्य येते, एवढे सांगून ठेवतो. वाटेतले आकडे मुलांनाच काढू द्या.

आणि शेतकरी बंधूंनो, पुन्हा कधी इर्जिकीचे आवतण आले आणि तुमच्या वाट्याला खडकाळ पट्टा आला, तर मन खट्टू करू नका. तोही कोणीतरी नांगरून पाहायचाच असतो. बराय मंडळी, येतो. नमस्कार.